निरवलातल्या आठ मात्रा

प्रिय शर्मिष्ठा,

परवा तुझ्या सुष्मिताचा मेसेज आला. आवराआवरीत तिला आपल्या कार्यक्रमाची जुनी पत्रिका सापडली, त्यावर ‘नेरवल’ असा शब्द. अर्थ विचारला, तर तू म्हणे ‘हरिणीमावशीला विचार, माझ्या आता काही लक्षात नाही’ असं सांगून कुकर लावायला निघून गेलीस. लेकीला मी चार ओळींत उत्तर दिलं. तुला मात्र हे लांबलचक पत्र, तेही तू शिकवलेल्या पुस्तकी मराठीत. आमच्या घरच्या तंजावरी मराठीला किती हसायचीस! आता खुशाल चुका काढ.

तिला कळवलं, की खरा शब्द ‘निरवल’. ‘नेरवल’ पुष्कळजण लिहितात, आपली संगीतसभा तर दरवर्षी तसंच छापायची. मी चिडायचे आणि तू म्हणायचीस, छापू दे ग, गाताना बरोबर गातो ना आपण! तमिळमध्ये भरणं, पसरत नेणं, असा त्याचा अर्थ. कृतीतली, म्हणजे गायच्या रचनेतली, एकच ओळ घ्यायची, शब्द तालात आपापल्या जागी ठेवायचे आणि सूर दरवेळी नवे भरायचे. एकदा गाणारीनं, मग व्हायोलिनवालीनं. व्हायोलिनवालीचं आणखीही एक काम असतं, ते तिला लिहिलं नाही.

माझं म्हणशील तर थकले ग आता. तांबरमच्या घरी सकाळी चार मुली शिकायला येतात, त्यांच्या चुका सुधारता सुधारता मीच कंटाळते. डाव्या हाताची करंगळी नीट वळत नाही. मार्गळीत, डिसेंबर-जानेवारीच्या संगीताच्या हंगामात, एखादी सभा अजून बोलावते. जाते, वाजवते, परत येते. कुणी छान म्हटलं तर स्टेशनचा जिना चढेपर्यंत विसरलेली असते. अठरा वर्षं तुझ्या डाव्या हाताला बसून वाजवलं, तेव्हा हे दमणं नव्हतं.

सुष्मितानं शेवटी आणखी दोन वाक्यं लिहिली होती. आई पुढच्या महिन्यात तंबोरा एका शाळेला देऊन टाकणार. भर कार्यक्रमात ओळ गेली ती गेलीच, म्हणते, स्वतःवरचा भरवसाच उडाला. ते वाचून मी तशीच बसून राहिले. दूध उतू गेलं तरी उठले नाही. गिरीधरभावजींची आवडी गावातल्या कारखान्यातून पुण्याला बदली झाली, संसार वाढला, म्हणून तुझं गाणं थांबलं, असं नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आले. खोटं कशाला बोलू, तसं मानणं माझ्या सोयीचं होतं.

ती संध्याकाळ तुलाही आठवते, मलाही. निरवलाच्या तिसऱ्या फेरीत तुझे शब्द गेले. जातात ग. मोठमोठ्यांचे जातात. व्हायोलिनवाली शेजारी असते ती त्याचसाठी. गाणारी अडली, की तिनं तत्क्षणी तीच ओळ वाजवायची. सूर कानावर पडले की शब्द परत येतात, आणि समोरच्या लोकांना वाटतं, पाळीच तिची होती. तुझ्यासाठी मी हे कितीदा केलं, तुला कळलंसुद्धा नसेल. त्या दिवशी गज तारांवर टेकलेला होता आणि मी तो ओढला नाही. आठ मात्रा, आदितालाचं अख्खं आवर्तन. तू माझ्याकडे पाहिलंस, तेव्हा मी खुंटी पिळायचं सोंग केलं. मृदंगावरच्या रामस्वामीमामांना सगळं कळलं. उठताना ते ‘एन् अम्मा?’ एवढंच म्हणाले. का ग बाई?

का, तर सिंगापूरच्या दौऱ्यावर तुझ्याबरोबर दुसरी व्हायोलिनवाली जाणार, हे मला त्या सकाळी तिसऱ्याच माणसाकडून कळलं होतं. तू बोलली नाहीस याचा राग. ती निवड तुझी नव्हतीच, संयोजकांची होती, हे पुढे कळलं. तोवर तू गाव सोडलं होतंस. माझी लाज वाटते मला, शर्मिष्ठा.

फोनवर हे सांगायला बसले असते तर हवापाण्याचं बोलून ठेवून दिला असता, म्हणून हे पत्र. तुझं स्मरण गेलेलं नाही, गळा गेलेला नाही. मी वाजवलं नाही. तंबोरा देऊ नकोस. आज कितीतरी वर्षांनी व्हायोलिन तुझ्या साडेपाच पट्टीला लावून ठेवलं आहे. हे वाचून झालं की फोन कर. मी हॅलो म्हणणार नाही, माफीही मागणार नाही. ती ओळ वाजवीन, करंगळी जशी वळेल तशी. मग तू गा, नाहीतर फोन ठेवून दे.

अजूनही तुझ्या डाव्या हाताला बसलेली,
तुझीच हरिणी