दिवंगत यादीतील चौथे नाव

हर्सूल, औरंगाबाद
शनिवार, दि. २३ एप्रिल २०१६

चि. शिवशंकर यास,

मी, मुंजाबा सांडू शिंगाडे, वय वर्षे ७२, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, पाणीपुरवठ्याकडील निवृत्त चावीवाला, मूळ राहणार तालुका सोयगाव, हल्ली मुक्काम हर्सूल, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाचाही दबाव नसताना हे पत्र लिहीत आहे. बारा वर्षे अकरा महिने तुला पत्र लिहिले नसल्याने सुरुवात कशी करावी हे ठरेना. सबब कागदपत्रांत करतात तशी केली आहे.

येथील वर्तमान असे की, तुझ्या आईची प्रकृती बरी आहे. गुडघे दुखतात, परंतु हिंडती-फिरती आहे. तलावाचा तळ उघडा पडला असून त्यात मुले क्रिकेट खेळतात. आपल्या घरामागील ज्वारीच्या रानात चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. नळास पाचव्या दिवशी पाणी येते. माझ्या जागेवर हल्ली जो मनुष्य आहे तो सहाची चावी साडेसहाला फिरवतो. माझ्या नोकरीत असे एकदाही घडले नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझा पत्ता मला रामहरीने दिला. तो तुझा वसतिगृहातील सोबती, आता तुमच्या माजी विद्यार्थी संघाचा चिटणीस आहे. तू पुण्यास असशील असे मी धरून चाललो होतो. चितेगावी कारखान्याच्या प्रयोगशाळेत तू अकरा वर्षांपासून आहेस, हे मला परवा समजले. पैठणच्या रस्त्याने मी वर्षातून दोन वेळा जातो. बस चितेगावास थांबते.

आता मुद्द्याचे लिहितो.

गेल्या डिसेंबरच्या तेरा तारखेस, रविवारी दुपारी, ओवी नावाची एक मुलगी स्कूटीवरून आपल्या घरी आली. ती विद्यापीठात तुझ्याच विभागात शिकते. तुमच्या संघाचे काम हल्ली शिकणारी मुलेच करतात. जुन्यांचे फोन बंद आणि पत्ते पाडलेल्या घरांचे, म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने दहा माजी विद्यार्थी त्यांच्या घरी जाऊन शोधायचे व घरच्यांच्या हातून फॉर्म भरून आणायचा, असे ठरले होते. ही मुलगी त्या सर्वांची प्रतिनिधी होती. दारातूनच तिने विचारले,

"आजोबा, शिवशंकर सरांचं घर हेच ना? तुम्ही माझे दहावे! तुम्ही सापडलात, माझं सुटलं."

तुझी आई म्हणाली, "लई उन्हाची आलीस बाई. आधी पानी पी."

"नको आजी, बाटली आहे माझ्याकडं. तुम्हालाही टँकरच ना?"

"टँकर हाय म्हनून काय पावन्याला पानी नाय?"

मुलगी हसली आणि तांब्या घेतला. फॉर्म ती लिहिणार होती. मी म्हणालो, मला लिहिता येते. तुझे नाव, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, विषय, सर्व मी स्वतः लिहिले. शेवटच्या ओळीत 'हयात / मयत' असे छापलेले होते आणि लागू नसेल ते खोडावे अशी सूचना होती. मी पट्टी लावून 'हयात' खोडले. दिनांकाच्या जागी १८ मे २००३ लिहिले. खाली सही केली.

मुलीने वाचले आणि तिचा आवाज खाली आला. "सॉरी आजोबा. मी उगीच मोठमोठ्यानं बोलले." ती गेल्यावर तुझ्या आईने विचारले, "काय लिव्हलं वो?" मी म्हणालो, जे आहे ते.

१८ मे २००३ या दिवशी काय झाले ते तुला कोणी सांगितले असेल किंवा नसेल. सर्जेरावांच्या रत्नमालेशी तुझे ठरवून मी शब्द दिला होता, सुपारी फुटली होती, आणि तू कालिंदीशी नोंदणी लग्न करून मला चार ओळींचे पत्र पाठवलेस. ती मुलगी वाईट होती असे मी तेव्हाही म्हटले नाही. तिच्या घरचे पूर्वी पूजा सांगणारे, पुढे कचेरीत लेखणी चालवणारे, आपण मेंढरांमागचे, याचाही मला फारसा विचार नव्हता. माझा शब्द गेला, एवढेच मला कळत होते. सबब त्या दिवशी भावकीसमक्ष, सर्जेराव उभे असताना, मी तुझ्या नावाने आंघोळ केली. जित्या माणसाला तोडायचे तर त्याच्या नावाने डोक्यावरून पाणी घ्यावे आणि त्यापुढे त्याला मेला समजावे, हा आपला रिवाज. तेही वर्ष टँकरचेच होते. तुझ्या आईने बादली भरून देण्यास नकार दिला. मी माझ्या हाताने भरली.

म्हणून फॉर्मवर मी खोटे लिहिले, असे मला वाटले नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर काही दिवसही नाही. रिवाजाने झाले होते, कागदावर लिहून द्यायचे तेवढे राहिले होते.

पुढे संघाचे पत्र आले. ३१ जानेवारीच्या मेळाव्यात दिवंगत माजी विद्यार्थ्यांना श्रद्धांजली वाहणार, प्रत्येकाच्या नावाने कडुनिंबाचे एक रोप लावणार, ते जगवण्याची जबाबदारी मुलांची, आणि पालकांनी उपस्थित राहावे. सोबत फोटो मागितला होता. तुझ्या ओळखपत्रावरचा फोटो मी दिला. तुझ्या आईस सांगितले की शिवाचा सत्कार आहे. ती म्हणाली, "मंग मी बी येते." मी म्हणालो, गर्दी असते, गुडघे दुखतील. हे मी खोटे बोललो. या एका वाक्यास रिवाजाचा आधार नाही.

मी धुतलेले धोतर व फेटा घालून गेलो. मला पहिल्या रांगेत बसवले. टेबलावर सहा फोटो होते, चौथा तुझा. संघाचे अध्यक्ष तात्यासाहेब यांनी नावे वाचली आणि सर्वांना दोन मिनिटे उभे राहण्यास सांगितले. मी उभा राहून मागे वळलो. का वळलो ते सांगता येत नाही. शेवटून तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ, तू उभा होतास. हात जोडून, मान खाली घालून.

ओळखण्यास मला वेळ लागला नाही. तुझी टाळू मोकळी झाली आहे. चष्मा लागला आहे.

तू मान वर केलीस आणि माझ्याकडे पाहिलेस. किती वेळ, ते मी सांगू शकतो, कारण माझ्या मनगटावरचे घड्याळ समोरच होते. तात्यासाहेबांनी एक मिनिट पन्नास सेकंदांनीच सर्वांना बसवले. दहा सेकंद कमी झाले. मी तुला तेवढे दहा सेकंद कमी पाहिले असे समज.

नंतर मला व्यासपीठावर बोलावून शाल व नारळ दिला. ओवीने माझा हात धरून पायऱ्या चढवल्या. मी शाल घेतली. रोपाला पाणी घातले. तू तोवर निघून गेला होतास.

मेळाव्याची बातमी वाचून तू आपणहून आला होतास, आणि रामहरी तुझ्यापाशी आला तेव्हा तो काय म्हणाला, तू काय म्हणालास, हे त्याने मला आता सांगितले. तो म्हणाला, "आबे शिव्या! तुझा तर फोटो लागलाय पुढं, हार घालून! वरून आलास का काय?" आणि तू म्हणालास, "गप. म्हातारा समोर बसलाय."

एवढेच म्हणालास, असे रामहरी सांगतो. माझ्या फेट्याची लाज तू राखलीस. मी तुझी राखली नव्हती.

घरी आलो तेव्हा तुझ्या आईने शाल हातात घेतली आणि विचारले, "शिवा आला व्हता का?" मी म्हणालो, आला होता. "बोलला का?" मी म्हणालो, नाही. तिने शाल घडी करून ठेवली आणि भाकरी थापायला बसली. मला त्या वेळी काही वाटले असेल तर ते मला आठवत नाही. जेवण झाले. पाण्याचा दिवस होता, म्हणून पिंप भरले.

यापुढचे मी या पत्रात टाळणार होतो. दोनदा कागद बाजूला ठेवला.

मेळाव्यानंतर चौथ्या दिवशी ओवी पुन्हा आली. तू हयात असल्याचा बोभाटा झाला होता. ज्यांनी तुला पाहिले त्यांनी एकमेकांना फोन केले. संघाची शोभा झाली. चौकशी बसली, की जित्या माणसाला मेला कोणी लिहिले. मुलीच्या हातात तो फॉर्म होता. तुझी आई चुलीपाशी चहा करीत होती. मुलगी हळू आवाजात म्हणाली,

"आजोबा, सर जिवंत आहेत. तुम्हाला माहीत होतं का?"

मी म्हणालो, "तो कागद बघू."

तिने दिला. मी त्याची घडी घातली, पेटीत ठेवला आणि कुलूप लावले.

"मला तो लागेल, आजोबा. माझ्याकडं दुसरं काही नाही."

"माझ्या सहीचा कागद आहे," मी म्हणालो.

ती बोलणार होती. तेवढ्यात तुझी आई चहा घेऊन आली. मुलीने तुझ्या आईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि कप हातात घेतला. तुझ्या आईला काहीच ठाऊक नाही, हे तिला तेव्हा कळले असावे. "चहा मस्त झालाय आजी," असे म्हणाली आणि गेली. चौकशीत तिने सांगितले की फॉर्म हरवला.

तुला विचारले तेव्हा तू म्हणालास, काहीतरी गैरसमज झाला असेल. तू मला झाकलेस, तिने तुझ्या आईला झाकले आणि मी पेटीची किल्ली कंबरेला लावून अडीच महिने हिंडलो.

परवा गुरुवारी रामहरी आला. त्याला माझ्यावर संशय आहे, पण त्याने तसे म्हटले नाही. तो म्हणाला, "बाबा, पोरगी बोलत नाही, शिव्या बोलत नाही. दोघं तोंडं शिवून बसलेत. मधल्यामधी पोरगी चाललीय." तिला प्रतिनिधीपदावरून काढले आहे. हैदराबादेस पुढील अभ्यासाची जागा तिला मिळाली आहे, त्यासाठी विभागाचे शिफारसपत्र लागते. येत्या सोमवारी, दिनांक २५ रोजी, सकाळी अकरा वाजता समितीची बैठक आहे. मनाने खोटी नोंद केली असा शेरा तिच्या नावावर पडला, तर ते पत्र मिळणार नाही.

मी विचारले, आता ती काय करते? रामहरी म्हणाला, वर्गात येते, आणि येताना घरून आणलेल्या बाटलीतले अर्धे पाणी रोज तुझ्या नावाच्या रोपाला घालते. बाकीची मुले चिडवतात की ज्याचे झाड तो तर जिवंत आहे, कशाला घालतेस. ती म्हणाली, "झाडानं काय केलंय?"

रामहरी गेल्यावर मी पेटी उघडली. फॉर्म वाचला. माझे अक्षर चांगले आहे. पट्टीने मारलेली रेघ सरळ आहे.

आज सकाळी सर्जेरावांकडे गेलो, कारण ज्यांच्यासमक्ष पाणी घेतले त्यांच्यासमक्षच ते परत घ्यावे, असे मला वाटले. सर्व ऐकून ते म्हणाले, "मुंजाबा, माझी रत्नमाला दोन लेकरांची आई झाली, तिचा थोरला पाचवीला गेला. तू अजून त्या सुपारीतच बसलाय व्हय?" मी म्हणालो, शब्द माझा होता. ते म्हणाले, "शब्द माझ्याजवळ दिला व्हता ना? मी कवाच सोडला. तू धरून बसला." मग काठी घेऊन ते माझ्यासोबत आपल्या घराकडे निघाले.

मी समितीस द्यावयाचा जबाब लिहिला आहे. त्यात असे आहे की, फॉर्म मी स्वतः भरला, सही माझी, मजकुराशी ओवी हिचा संबंध नाही. फॉर्म हरवला नसून मी तिच्याकडून घेऊन दडवून ठेवला व तो सोबत जोडला आहे. त्याखाली एक ओळ आहे, ती पुढे सांगतो. सोमवारी मी अकराच्या आधी तेथे हजर असेन. माझ्या बोलण्यावर ते विश्वास ठेवतील किंवा म्हातारा बहकला म्हणतील. तू आलास तर म्हणणार नाहीत. तू यावेस असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. मुलीसाठी यावेस, एवढे म्हणतो. माझ्याशी बोलण्याची आवश्यकता नाही.

जबाब आज दुपारी तुझ्या आईस वाचून दाखवला. फॉर्मवर काय लिहिले होते, ते तिला आज कळले.  ती म्हणाली, "म्या इचारलं तवा तुमी म्हनले, जे हाय ते."

मी म्हणालो, होय.

"आन् आता काय लिव्हलं?"

मी शेवटची ओळ वाचली : माझा मुलगा शिवशंकर हा हयात आहे.

"फिरून वाचा."

मी वाचली. तिने आणखी दोन वेळा वाचायला लावली. चौथ्या खेपेस सर्जेराव उठून ओट्यावर जाऊन बसले. माझा आवाज शेवटपर्यंत स्वच्छ होता, कोठेही अडखळलो नाही. तुझ्या आईने पदराने अंगठा पुसला आणि पुढे केला.

कालिंदीस आशीर्वाद. तुम्हांस मूल असल्यास त्यालाही. त्याचे नाव मला माहीत नाही, म्हणून जागा सोडली आहे.

चि. ........................... यास आशीर्वाद.

लिहून देणार,
मुंजाबा सांडू शिंगाडे
तुझे वडील

हे पत्र पुरे होताना समक्ष हजर :

१. सर्जेराव, राहणार हर्सूल. सही केली आहे. ज्यांच्याजवळ शब्द दिला होता, ते.

२. राजाबाई मुंजाबा शिंगाडे, तुझी आई. डाव्या हाताचा अंगठा. जबाबावरील अंगठा पुरेसा होता. परंतु तिने विचारले, "ह्ये पत्र पोराच्या हातात जानार का?" मी होय म्हणालो, उद्या रामहरी स्वतः नेऊन देणार आहे. तेव्हा शाईची डबी तिने स्वतः ओढून घेतली आणि जेथे मी जागा दाखवली नव्हती तेथे, तुझ्या नावावर, अंगठा दिला.