चौथ्या भागात आपण थांबलो तिथून पुढे

बाबा,

या उन्हाळ्यात माझा घोटा मोडला. ऑफिसच्या पार्किंगच्या पायऱ्या उतरताना पाय मुरगळला, एवढंच निमित्त. पण प्लास्टर घालावं लागलं आणि नाशिकची तिकिटं रद्द झाली. शाळांना सुट्ट्या लागल्या की इथे कुवेतमध्ये आमची मंगफमधली अर्धी इमारत गावी जाते. जे मागे राहतात ते पडदे ओढून एसीत बसतात. नवरा दिवसभर बँकेत, मी सोफ्यावर उशीवर पाय ठेवून, आणि तुमची नात तिच्या खोलीत. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती आता नववीत आहे, उंच आहे, आणि मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. माझी चिडचिड ऐकून एके सकाळी तिने तिचं गेमचं मशीन आणून हॉलमधल्या टीव्हीला जोडलं. तू आणि आजोबा खेळायचात तो लपतछपत जायचा गेम, त्याचे सगळे जुने भाग परत आलेत, असं ती म्हणाली आणि कंट्रोलर माझ्या हातात देऊन निघून गेली.

तर मी ते सगळे भाग पुन्हा खेळले. त्यावर माझी मतं बनली आहेत, आणि ती सांगावीत असं माणूस तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

पहिला भाग आज खेळवत नाही, बाबा. कॅमेरा भलतीकडेच बघत राहतो, नायक भिंतीला चिकटला की सुटता सुटत नाही. आपण तो कसा खेळलो कोण जाणे. पण आवाज! दगडी फरशीवर बुटांचा आवाज वेगळा, लाकडावर वेगळा, आणि पहारेकरी वळण्याआधी जरा थबकतो ते ऐकू येतं. ते ऐकलं आणि मी आपल्या फहाहीलच्या जुन्या घरात पोचले. तुम्ही रात्रपाळी करून, झोप काढून दुपारी उठला आहात. बनियन आणि लुंगी, हातात चहा. तुम्हाला कंट्रोलर जमत नाही, तुम्ही त्याला रिमोट म्हणता, त्यामुळे खेळायचं मी आणि बघायचं तुम्ही. "थांब. वळतोय तो. वळू दे. हं, आता जा." स्वयंपाकघरातून आई विचारते, "दिवसभर चोरासारखा भिंतीला चिकटून काय फिरतो गं तो? सरळ जाऊन बोलत का नाही?" तुम्ही हसता, आणि पडद्यावरच्या पहारेकऱ्याला म्हणता, हिला सांभाळून घ्या. आपल्या इमारतीच्या राखणदाराला सगळे हारिस म्हणायचे, म्हणून तुम्ही गेममधल्या सगळ्याच पहारेकऱ्यांना हारिस म्हणायचात. "डावीकडचा हारिस पेंगतोय बघ. डबल ड्युटी दिसते बिचाऱ्याची."

त्याच भागात ते बंदर येतं. ते आलं आणि मी खेळ थांबवला. आठवीत तुम्ही मला नाशिकहून इथे आणल्यावर मी पहिले काही महिने शाळेत तोंडच उघडत नव्हते. एके दिवशी उघडलं, आणि माझ्या इंग्रजीला वर्ग हसला. घरी येऊन मी मशीन लावलं आणि त्या बंदरावरचा एकेक पहारेकरी मारला. लपणं नाही, थांबणं नाही. तुम्ही चहा घेऊन आलात तेव्हा धक्क्यावर सगळे आडवे पडले होते.

"झोपवलंस का यांना?" तुम्ही विचारलंत. एरवी आपण पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध देऊन पुढे जायचो.

"नाही. मारलं."

तुम्ही चहा बाजूला ठेवलात. माझ्या हातातून रिमोट घेतलात आणि नायकाला त्या माणसांमधून चालवत नेलंत, दर दोन पावलांवर भिंतीला धडकवत. चौकीपाशी थांबलात. आत टेबलावर एक डबा होता, उघडा, त्यात पाव. मी तो कधी पाहिलाच नव्हता. "हा ड्युटीवर आला होता," तुम्ही म्हणालात. "आपण कोण, हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं." मला वाटलं आता रागावणार. तुम्ही रिमोट खाली ठेवलात आणि विचारलंत, "शाळेत काय झालं?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. तुम्ही शाळेत भांडायला गेला नाहीत की मला इंग्रजीची शिकवणी लावली नाहीत. म्हणालात, "आमच्या कंट्रोल रूममध्ये एक इजिप्शियन आहे, एक फिलिपिनो आहे, दोन मल्याळी आहेत आणि मी आहे सिन्नरचा. पाचही जणांचं इंग्रजी पाच प्रकारे मोडकं आहे. शुऐबाची अख्खी रिफायनरी त्याच्यावर चालते. तू बोल. ज्याला काम असेल तो समजून घेईल." दुसऱ्या दिवशी मी बोलले. आज ऑफिसच्या मीटिंगमध्ये लेबनीज आणि कुवेती साहेबांसमोर मी हिशोब मांडते तेव्हा माझं इंग्रजी सिन्नरचंच असतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. हे तुमच्यामुळे, बाबा. तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं.

दुसरा भाग सगळ्यांत चांगला, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. तुमचंही होतं, पण वेगळ्या कारणासाठी. त्यात तो तेलशुद्धीकरणाचा कारखाना आहे. तुम्ही सोफ्यावरून उठून टीव्हीला नाक लावून बघत होतात. "हा दाब सोडायचा रिलीफ व्हॉल्व्ह चालायच्या वाटेवर उघडतो? कोणी बसवला हा? आणि या टाकीभोवती गळती अडवायला बंधारा कुठाय?" मला पुढे जायचं होतं आणि तुम्ही मला सबंध कारखान्याची फेरी मारायला लावलीत, जणू तुम्हाला त्याचा अहवाल द्यायचा होता. तिसऱ्या भागात मात्र तुम्ही झोपायचात. नुसतं बोलतात, बोलतात, म्हणायचात. मीही तेव्हा तो भाग कंटाळवाणा ठरवला होता. आता पुन्हा खेळताना कळलं की त्यातले पहारेकरीच जास्त बोलतात. घरची आठवण काढतात, बदलीबद्दल कुरकुरतात, एकमेकांना सिगारेट मागतात. तुम्ही जागे राहिला असतात तर तुम्हाला तो आवडला असता.

मी तिसऱ्या भागात असताना लेक खोलीतून बाहेर यायला लागली. आधी फ्रिजमधलं लबन, इथलं ताक, घ्यायला, मग दारात उभी राहून, मग सोफ्याच्या हातावर टेकून. "वेट, ही इज टर्निंग," ती म्हणायची, आणि मी थांबायचे. चौथा भाग आम्ही दोघींनी मिळून सुरू केला. त्याबद्दल माझी पहिली तक्रार अशी की त्यात भिंतीपलीकडचे पहारेकरीसुद्धा लाल ठिपके होऊन दिसतात. कान देऊन ऐकायची गरजच उरली नाही; भीती गेली आणि मजाही गेली. लेकीला मात्र ते बरं वाटतं. आम्ही यावर पुष्कळ वाद घातला. ती इंग्रजीत, मी मराठीत.

मग तो पूल आला.

तुम्हाला आठवत असेल. बर्फ, खोल दरी, त्यावर अरुंद पूल आणि पुलावर पाठमोरा उभा असलेला एकच पहारेकरी. गुंगीचं औषध खेळाने आधीच काढून घेतलेलं. आपण सुट्टीचा एक अख्खा शुक्रवार तिथे घालवला. दगड फेकले, शीळ घातली, पुलाखालून लोंबकळून बघितलं. तो हलत नाही, आणि त्याला मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शेवटी तुम्ही म्हणालात, "आपण इथे थांबू."

"बाबा, गेम आहे तो," मी वैतागून म्हणाले.

"हो ना. म्हणून तर थांबता येतं."

आणि आपण थांबलो. पुढच्या वर्षी मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेले, आणि तो भाग तसाच राहिला.

तुमच्या नातीला मी हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आजोबांना शेवट कळलाच नाही?" मराठीत. मी म्हटलं, नाही. "आपण जाऊ या का?" ती म्हणाली. तुमचं "आपण इथे थांबू" मला आठवलं. पण मी तुमच्याहून वेगळी आहे, मला शेवट बघायचा होता, आणि तीही वाट बघत होती. मी बटण दाबलं. तो पहारेकरी पडला. लेकीने तोंड फिरवलं, हे मला आवडलं.

आणि आता ऐका, बाबा, पुलाच्या पलीकडे काय होतं ते. पलीकडे लढाई नव्हती, खजिनाही नव्हता. एक गाव होतं. नायकाच्या हातात त्या मेलेल्या माणसाची टोपी, आणि समोर एका घराचं बंद दार. पडद्यावर खाली खूण येते की बटण दाबून दार वाजवा. न वाजवता पुढे जाता येत नाही. लेक म्हणाली, "मम्मा, तू दाब." मी दाबलं. एक बाई दार उघडते. चार भागांत कधी कोणाशी न बोललेला आपला नायक तिला म्हणतो, शेवटी मी त्याच्याजवळ होतो. बाई रडत नाही. ती विचारते, तो काही जेवला होता का?

मी तिथेच खेळ थांबवला. आपण एका पुलाच्या अंतरावरून परत फिरलो होतो, बाबा. तुम्हाला पडलेला प्रश्न हा खेळ बनवणाऱ्यांनाही पडला होता, आणि त्यांनी त्याचं उत्तर पलीकडे मांडून ठेवलं होतं. माझं मत विचाराल तर सगळ्या भागांत याच्यासारखा प्रसंग नाही. तुम्ही थांबलात ते चुकलं असं मला वाटत नाही. आणि मी पुढे गेले तेही चुकलं असं वाटत नाही.

लेक माझ्याकडे बघत होती, कारण माझ्या डोळ्यांना धार लागली होती. तेव्हा मी तिला तो फोन सांगितला. आजवर कोणालाच नीट सांगितला नव्हता. पुण्याचं हॉस्टेल, दुपारची वेळ, मी कपडे वाळत घालते आहे. कुवेतचा नंबर बघून मला वाटलं तुम्हीच. पण आवाज परका होता, हिंदी दाक्षिणात्य वळणाची. "मोळे, मैं तुम्हारे पप्पा के शिफ्ट का आदमी बोल रहा हूँ. तुम पहले बैठ जाओ." ते मला मोळे म्हणाले, म्हणजे त्यांच्या मल्याळममध्ये "अगं मुली". मी बसले. मग त्यांनी काही लपवलं नाही. कंट्रोल रूममध्ये तुमच्या छातीत कळ आली, ॲम्ब्युलन्समध्ये ते तुमच्याबरोबर होते, तुम्ही गेलात तेव्हा तुमचा हात त्यांच्या हातात होता, आईजवळ त्यांची बायको बसली आहे. "तुम्हारे पास कोई है?" मी म्हटलं, मैत्रीण येईल. "उसके आने तक मैं फोन नहीं रखूँगा." आणि त्यांनी ठेवला नाही. मैत्रीण येईपर्यंत त्यांचा श्वास ऐकू येत होता.

लेक म्हणाली, "ते काका कुठे आहेत आता?" मला माहीत नव्हतं. मग आम्ही दोघी कामाला लागलो. अहमदीत तुमच्या कंपनीतले एक निवृत्तीला आलेले काका अजून आहेत, त्यांच्याकडून दुसरा नंबर, तिथून केरळमधला तिसरा. शुक्रवारी सकाळी फोन लागला. मी नाव सांगायच्या आत, फहाहीलवाल्यांची मुलगी एवढ्यावरच ते म्हणाले, "मोळे!" मी त्यांना थँक यू म्हणाले, इतक्या वर्षांनी, आणि ते गोंधळले. "किस बात का? वो तो अपना आदमी था." आपल्या खेळाबद्दल मी विचारलं, तुम्ही कधी त्यांच्याजवळ बोलला होतात का म्हणून. त्यांना काही आठवत नव्हतं. आठवत होती ती आईची थालीपिठं; तुम्ही डब्यात त्यांच्यासाठी एक जास्तीचं आणायचात. लेकीने फोन माझ्या हातातून घेतला आणि तिच्या तोडक्यामोडक्या हिंदीत, अजिबात न लाजता, त्यांच्याशी बराच वेळ बोलत राहिली. मी ऐकत बसले. एवढा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

प्लास्टर आता निघालं आहे. तुम्ही गेल्यावर एक पाचवा भाग आला होता, तोही आम्ही संपवला. वाळवंटातला आहे, फार मोठा, आणि मला वाटतं उगाच ताणलेला. हे पत्र मी ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिते आहे, आणि ते तिथेच राहील. तुमच्या नातीलाही मी हे दाखवणार नाही. त्याचं कारण आहे. खेळताना ती सारखी विचारते, हे आजोबांना आवडलं असतं? आणि मी लगेच सांगते. हे आवडलं असतं, हे नसतं, इथे ते हसले असते. ती विश्वास ठेवते. बाबा, खरं सांगायचं तर तुम्हाला काय आवडलं असतं हे आता मला ओळखता येत नाही. सुरुवातीची काही वर्षं येत होतं. आता उत्तर माझंच असतं. फक्त तुमच्या आवाजात देते.