वर्षाचा मोगरा

अहो,

कुकरात भात हाय, आमटी तेवढी गरम करून घ्या. मी इचलकरंजीला वर्षाकडं निघाले. उद्याच्या पावण्यांचा चहा तुमचा तुम्ही करा. मुलींच्या वसतिगृहाच्या मदतीसाठी बाग लोकांना उघडायची, हे मला न विचारता ठरवलंत. मग कपबश्या मीच का विसळायच्या?

'फुलं तोडू नयेत' अशी पाटी तुम्ही लावली, म्हणून लोकांनी फुलं सोडली आणि फांद्या नेल्या. एका बाईंनी तर जास्वंदीची फांदी पर्समध्ये कोंबली. हटकलं तर मलाच म्हणाल्या, "मागून नेलेली मूळ धरत न्हाय, चोरूनच न्यावी लागती." तुम्ही शेजारी उभं राहून हसत होता. हसणारच की. आपली निम्मी बाग तुम्ही तशीच आणलीय.

मोगऱ्याला मात्र कुणाला हात लावू दिला न्हाय. "माझ्या लेकीनं लावलाय," असं येईल त्याला सांगत होता. त्याच लेकीनं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हापासून तिचा फोन तुम्ही उचलत न्हाय. आज दुपारीबी वाजला, तर पावण्यांना गुलाब दाखवायला गेला.

त्या मोगऱ्याची एक फांदी तुम्हाला न विचारता नेतेय. चोरलेली हाय, तेव्हा मूळ धरेल. "आबांनी दिली का?" असं ती विचारणार. त्याचं उत्तर तुम्हीच फोन करून द्या.

वर्षाची आई