दाजींची जीप आणि ‘चालेल’ हा शब्द

ती. दाजींना,

साष्टांग नमस्कार. (एरवीच्या पत्रांत हा शब्द मी सवयीने लिहून मोकळा होतो, या वेळी तो अक्षरशः घ्यावा. काल दुपारी ओढ्याच्या मधोमध माझी आठही अंगं एकदमच तळाला टेकली होती, आणि तोंड साधारण तुमच्याच घराच्या दिशेला होतं.) तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईचा रक्तदाब आटोक्यात असेल तर हे पत्र दिवाणखान्यात वाचा, नसेल तर बाथरूममध्ये, आतून कडी लावून. फोन करणार होतो, पण इथे रेंज नाही. समोरच्या टेकडीच्या टोकावर ती मिळते म्हणतात, पण माझ्या पायांत सध्या तेवढी रेंज उरलेली नाही. पत्र आणून देणारे वकीलसाहेब आमच्याच ताफ्यातले. त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स पहिल्याच चढावर निकालात निघाला, त्यामुळे ते उद्या गाडीसकट एका ट्रकवर बसून परत येताहेत, आणि राहतात तुमच्या मागच्याच गल्लीत. त्यांना चहा द्या, पण सफरीचं काही विचारू नका. अपील करतील.

तुम्ही पत्र उघडल्यापासून एकच वाक्य शोधत असणार, म्हणून ते आधीच लिहून टाकतो: जीप चालू आहे. निघताना ताईने दारात उभं राहून घातलेली अट मी विसरलेलो नाही. एक ओरखडा जरी आला तरी गाडी आल्या पावली विकायची, असं ती म्हणाली, आणि किल्ली माझ्या हातात ठेवूनही तुमची बोटं ती सोडायला तयार नव्हती. एवढ्या वर्षांत तुम्ही स्वतःसाठी घेतलेली ती एकच वस्तू, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच पुढचं जरा सावकाश वाचावं.

बरा रस्ता असताना तो सोडायचा, शेजारच्या दगडधोंड्यांतून चार दिवस गाडी हाकायची आणि शेवटी पुन्हा त्याच रस्त्याला येऊन मिळायचं, या प्रकाराला इकडे सफर म्हणतात. आमचा म्होरक्या दातांचा डॉक्टर आहे. खड्ड्याच्या काठावर उभा राहून तो प्रत्येकाला ‘थोडंसं जाणवेल, हलायचं नाही’ एवढंच सांगतो, आणि मग जे काही जाणवतं ते कंबरेपासून टाळूपर्यंत जाणवतं. पहिल्या सकाळी सगळ्यांनी वाकून आपापल्या टायरमधली हवा काढली. (आमच्या गल्लीत हे काम शेजारी करतात, आणि तेही मी झोपल्यावर.) मऊ टायर जमीन धरून ठेवतं म्हणे. त्यानंतर प्रत्येक गाडीला वॉकीटॉकीवर हाक मारायला नावं मिळाली. पुढच्यांना वाघ, गरुड, वादळ, आणि आम्ही सर्वांत मागे म्हणून शेपूट. माझा जन्म छापखान्यात लोकांच्या मुद्रितांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात गेलेला, तेव्हा ‘शेपूट’मधला पू दीर्घ, एवढा खुलासा मी लगेच वॉकीटॉकीवर केला. त्यावर पुढच्या गाड्यांनी एकेक करून आपापली यंत्रं बंद केली. मला वाटलं, यंत्र बिघडलं.

दुसऱ्या दिवशी ओढा आला. सगळ्या गाड्या काठावर थांबल्या. आमची ही दोन वॉकीटॉकींपैकी एक आणि जेवणाचा डबा घेऊन पुढे गेली, मी तुमच्या जीपचं टायर पुरेसं मऊ आहे का ते बुटाने दाबून पाहत होतो. नंतर कळलं ते असं: डॉक्टरांनी पाण्यात काठी घालून पाहिली आणि सगळ्यांना विचारलं, की पाणी जरा जास्त आहे, आधी जेवून घेऊ, मग बघू, चालेल? हा प्रश्न मी ऐकलाच नाही. मी गाडीत शिरलो तेव्हा यंत्रातून फक्त उत्तरं येत होती. वाघ म्हणाला चालेल, गरुड म्हणाला चालेल, आणि शेवटी हिचा आवाज, अगदी स्पष्ट: चालेल. आता दाजी, तुम्हीच सांगा, समोर पाणी, खाली गाडी, आणि आपल्या भाषेत क्रियापद एकच. शिवाय संसारात हिने माझ्या एखाद्या बेताला ‘चालेल’ म्हटलं, की मी दुसऱ्यांदा विचारायच्या फंदात पडत नाही. न जाणो, मत बदलायचं. मी गिअर टाकला. काठावर मंडळी डबे उघडून बसली होती, त्यांनी हातातल्या घासासकट हात हलवले. मीही हलवला. म्हटलं, शेपटाचं कौतुक होतंय.

जीप मधोमध जाऊन थांबली. दाराच्या फटीतून पाणी अगदी ओळखीच्या पाहुण्यासारखं आत आलं, आणि ताईने विणलेली सीटवरची गादी तरंगायच्या विचारात दिसली. काय झालंय ते पाहायला मी उतरलो आणि वर सांगितलेला नमस्कार घडला. उठून पाहतो तर ही कपडे गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यातून येत होती. मला म्हणाली, ‘‘सरका.’’ (मी आधीच बाहेर होतो, तरी सरकलो.) मग तिने मोठ्या गिअरशेजारची ती लहान दांडी पाहिली, जिच्यावर तुम्ही कायम टोपी अडकवता. मला इतकी वर्षं ती खुंटीच वाटत होती. हिने टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, दांडी ओढली, किल्ली फिरवली, आणि गाडी चारही चाकांवर पलीकडच्या काठावर चढून गेली. टाळ्या झाल्या. चारही चाकं फिरवायची दांडी म्हणजे तीच, असं डॉक्टरांनी मला नंतर हळू आवाजात सांगितलं. दाजी, ही जीप आजवर मंडईच्या पलीकडे गेलेली नाही ना? मी कोणाला सांगणार नाही.

तेव्हापासून चाकाशी हीच बसते. मी शेजारी बसून नकाशा उलटा धरतो. ओरखड्याचं म्हणाल, तर जीपवर छतापर्यंत चिखल आहे, आणि चिखल आहे तोवर ओरखडा आहे असं कोणीच छातीठोकपणे म्हणू शकत नाही. म्हणून मी तिला कोणाला हात लावू देत नाही. रविवारी परत येतो. ताईला नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा (पत्र वाचून झाल्यावरही असलो तर) मेव्हणा

ता. क. हिने आज सकाळी मला न विचारता जीपवर बादल्या ओतल्या. डाव्या दारावर ओरखडा आहे, वीतभर. तेव्हा या सगळ्या लेखनाचा हेतू असा, की तो आधीपासूनच होता, मंडईत तुमच्याच हातून झाला होता, असं तुम्ही ताईला आजच सांगून ठेवावं. तुम्ही तिची बोलणी खाऊन पचवलेली आहेत, मला ती बाधतात.

ता. क. भावोजी, ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. काही सांगायची गरज नाही. मी मघाशीच जीप टेकडीवर चढवून वन्संना फोन केला आणि ओरखड्याचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, विकायचं मी म्हणत होते ते गाडी नुसती दारात उभी असते म्हणून. मग त्यांनी विचारलं, तिथे आणखी एक बाई चालेल का? मी म्हटलं, चालेल. सोमवारपासून डॉक्टरांची पुढची सफर आहे, आठवड्याची. रविवारी ह्यांना तुमच्याकडे उतरवते आणि वन्संना घेऊन जाते. गॅस नवा आहे ना ते बघून ठेवा. ह्यांना चहा येतो.

ता. क. दाजी, वरचं आत्ता वाचलं. आपल्याकडे माणूस निघताना ‘येतो’ म्हणतो आणि जातो. मीही जन्मभर तेच करत आलो. या वेळी मात्र येतो म्हणजे येतोच. तुमची टोपी बरोबर आणतोय. ती आता कुठे अडकवायची, ते तुम्ही बघा.