ऋतिकाची पर्सनॅलिटी डेव्हलप करणे

१ जून, रविवार. सकाळी ६

आजपासून रोजनिशी. मोबाईलवर एक सर सांगत होते की यशस्वी माणसं रोज लिहितात. मी आठवीला शाळा सोडली, पण यशस्वी व्हायला शाळा लागते असं ते सर म्हणाले नाहीत.

वही साबीरकडून घेतली. साबीर पौडचा. जैसलमेरच्याही पुढं या वाळूत सोलरच्या काचा पुसायला मुळशी तालुक्यातून आम्ही दोघंच. राहायला दोघांत एक पत्र्याचा कंटेनर.

काल बायकोचा, शुभांगीचा फोन. निकालाच्या दिवशी शाळेतल्या बाई म्हणाल्या, ऋतिकाला सगळं येतं, पण वर्गात तोंड उघडत न्हाई. आमची पोरगी आता दुसरीत जाणार. माझ्याशीपण फोनवर हं, हं एवढंच. मग फोन शेळीच्या कानाला लावते. परवा मी बराच वेळ शेळीला विचारत होतो, पाढे पाठ झाले का.

दोष पोरीचा नाही. मुळशीत मुलांना संधीच नाही. आता मी इथून सगळी सोय करणार. दिवाळीपर्यंत ऋतिका ऑलराउंडर.

दुसरा संकल्प: ही नोकरी सोडायची नाही. चाकण चार महिने, मुंद्रा सहा, सुरत सतरा दिवस. आता बास.

३ जून, मंगळवार

लिस्ट केली. स्विमिंग, स्केटिंग, अबॅकस, कथक, इंग्लिश स्पीकिंग. सगळं हिंजवडीला मिळतं. तासाभराचं तर अंतर.

शुभांगीला वाचून दाखवली. म्हणाली, दारात धरण हाय आन् पोरगी पोहायला हिंजवडीला न्यायची? आणि स्केटिंग कुटं करंल, भाताच्या खाचरात? मागून बाबांचा आवाज आला, ह्याला कुटला क्लास लावलाता? ढकलला पाण्यात, आला वर.

बाबांची पद्धत जुनी. मी वर आलो, पण सर्टिफिकेट कुठं मिळालं?

६ जून, शुक्रवार

व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. "मुळशी प्रगती परिवार". एक्केचाळीस मेंबर. पालकांना संधींची माहिती देणे हा उद्देश. पहिल्याच दिवशी सव्वीस मेसेज टाकले. भरघोस प्रतिसाद. गावातल्या जयसिंगने विचारलं, म्हैस विकायची हाय, फोटू टाकू का. सतरा जण बाहेर पडले. गंभीर लोक राहिले हे बरं झालं.

शुभांगीने मेसेज टाकला: दर शनिवारी समाजमंदिरात गोष्टींच्या पुस्तकांची पेटी उघडते, मुलं मोठ्यानं वाचतात, आईवडलांनीपण यावं, फुकट आहे. मी डिलीट केला. फुकट आहे म्हटल्यावर कोण गंभीरपणे घेणार? शिवाय फक्त ॲडमिनने लिहायचं असा नियम आहे. तिला तसं कळवलं. तिने अंगठा पाठवला.

१० जून, मंगळवार. दुपारी

अबॅकसचा ऑनलाइन डेमो होता. घरी व्हिडिओपुरती रेंज नाही, म्हणून ऋतिकाच्या जागी मी बसलो. कॅमेरा बंद, आवाज बारीक. साबीर गोधडीत तोंड खुपसून हसत होता, त्यामुळे लक्ष विचलित झालं.

मॅडम म्हणाल्या, बेटा, डरो मत, सात में आठ मिलाओ. तोंडी मला कधीपण येतं. पण समोर घड्याळ पळत होतं आणि काचा पुसून बोटं सुजलेली. सोळा म्हणालो.

शेवटी रिपोर्ट आला. मूल लाजाळू आहे, वयाच्या मानानं मागे आहे, अगदी पायापासून सुरुवात करावी लागेल, वडिलांनी जास्त वेळ द्यावा.

ॲपच बोगस. काढून टाकलं. शुभांगीला सांगितलं, ऋतिका थोडी मागं आहे. ती म्हणाली, परवाच तिनं समद्या पोरांची बेरीज तपासली, तुमाला कोण म्हनलं? सोर्स सांगता आला नाही.

१४ जून, शनिवार

सापडलं!! देव आहे.

"मातीशी मैत्री. संपूर्ण कुटुंबासाठी दोन दिवसांचं समृद्धी शिबिर. मुळशी, तलावाकाठी. १२ आणि १३ जुलै. खऱ्या शेतकऱ्याकडून मार्गदर्शन, मुलांचा आत्मविश्वास, प्रमाणपत्र." बाणेर, औंध, कोथरूडची फॅमिली येणार. ऋतिका असल्या पोरांत दोन दिवस मिसळली की आपोआप बोलायला लागेल. संगतीचा परिणाम.

जाहिरातीत पाठमोरा एक म्हातारा, डोक्यावर पावसाचं इरलं, चिखलात वाकलेला. साबीर म्हणाला, शेखर, हे तुझं वडील हायेत का रं? मी हसलो. असली जुन्या वळणाची माणसं आता आमच्याकडं राहिलीत कुठं! बाबा एवढे वाकत नाहीत.

फॉर्म भरला. शेखर दिघे, पुणे. गाव लिहिलं नाही, उगाच लोकल समजून मागं बसवतात. आईवडील, एक मूल, एक ज्येष्ठ नागरिक. म्हणजे बाबांनापण शेतीबद्दल चार नवीन गोष्टी कळतील. शुभांगीला सांगितलं नाही. सरप्राइज.

२२ जून, रविवार

शुभांगी सांगत होती, खालच्या रिसॉर्टचा मॅनेजर समाजमंदिरात येऊन बसला, पोरांचं वाचन ऐकलं, मग परत बाबांकडं गेला, जुलैत काहीतरी... मी म्हटलं, ते राहू दे, आधी ऋतिकाला रोज आरशासमोर पाच मिनिटं उभी कर, कॉन्फिडन्स येतो. ती म्हणाली, बरं, ठिवते फोन. बायकांना मुद्द्यावर राहता येत नाही.

२९ जून, रविवार

बाबांवर वैतागलो. सगळ्या गावाची भातलावणी सुरू झाली आणि आमचं खालचं खाचर तसंच. रोपं तयार. बाबा म्हणतात, ते बारा तारखेपातुर ठिवायचंय, मानसं यायचीत. कसली माणसं? मजूर बारा तारखेला मिळतो आणि आज मिळत नाही का? म्हातारपणी माणूस आळशी होतो. फोनवरून लावणीबद्दल त्यांना पंधरा मिनिटं मार्गदर्शन केलं. शेवटी कळलं, फोन शेळीकडं होता.

५ जुलै, शनिवार

शुभांगीला बजावलं, १२ आणि १३ मोकळं ठेव. ती म्हणाली, जमायचं न्हाई, आमाला रिसॉर्टवर काम हाय. मी तडकलो. माझी बायको बारावी पास, आणि रिसॉर्टवर भांडी घासणार? म्हटलं, मी जिवंत आहे अजून. ती म्हणाली, व्हय, कळतंय, आवाज येतोय.

मग ऋतिकाला फोन द्यायला सांगितलं. म्हटलं, बाळा, तेरा तारखेला मोठा कार्यक्रम आहे, पप्पा स्वतः येणार. मग म्हणाली, येणार?

एक अख्खा शब्द! अकरा महिन्यांनी. हं सोडून.

मी म्हटलं, शंभर टक्के. परत म्हणाली, मागल्या टायमालापण म्हनलावता. मग फोन ठेवला. म्हणजे एकूण चार शब्द झाले. मोहीम यशाच्या मार्गावर.

८ जुलै, मंगळवार

रजा मागितली. सुपरवायझर म्हणाला, वीस तारखेनंतर जा, आत्ता वाळूचं वादळ होऊन गेलंय, काचा कोण पुसणार, तुझा बाप? मी म्हटलं, माझे वडील शेतकरी आहेत. तो म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस.

शांतपणे विचार केला. नोकरी सोडायची नाही हा संकल्प आहे. पण मी सोडत नाहीये, तो काढतोय. त्यामुळे संकल्प मोडत नाही.

साबीर म्हणाला, जा बाबा. सर्टिफिकेटसाठी न्हाई, पोरीसाठी जा. मी म्हटलं, दोन्ही एकच आहे. तो म्हणाला, तुझं डोकं म्हंजे वाळूनं पुसलेली काच हाय. पण डबा भरून दिला.

१० जुलै, गुरुवार. निघताना

शेवटी शुभांगीला सरप्राइज सांगून टाकलं. म्हटलं, भांडीबिंडी विसर, रिसॉर्टवर तुम्ही पाहुणे म्हणून जाताय, शिबिराला, मी बुकिंग केलंय. कुठलं शिबिर, विचारलं तिनं. नाव सांगितलं. मग जे हसायला लागली! चांगली दोन मिनिटं. मग बाबांना सांगितलं असणार, तेपण खोकेपर्यंत हसले. इतका आनंद मी त्यांना आजवर कधी दिला नव्हता.

म्हणाली, या तुमी. पास वाया घालवू नका. आमी सकाळी सातलाच असू तितं.

आठची वेळ आहे, पण उत्साह समजू शकतो.

१२ जुलै, शनिवार. गाडीत

गाडी सात तास लेट. पहिला दिवस हुकला. हरकत नाही, मुख्य दिवस उद्याचा. समोरच्या बर्थवरच्या काकांना शिबिराबद्दल माहिती दिली. ते झोपेपर्यंत.

१३ जुलै, रविवार. संध्याकाळी, घरी

सविस्तर लिहायला हवं. हात चिखलाने दुखतायत, म्हणजे चिखलात घालून दुखतायत.

स्वारगेटहून पौड, पौडहून जीप, थेट रिसॉर्टच्या गेटवर. घरी जायला वेळच नव्हता. गेटवर मनगटाला हिरवी पट्टी, छातीवर अकरा नंबर, एक रेनकोट, एक गवती टोपी. रेनकोट काखेत फार घट्ट होता हे नोंदवून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्याला तोही जबाबदार आहे.

शेजारी दहा नंबर, बाणेरचा कोणी कंप्युटरवाला. कुठल्या फील्डमध्ये, असं विचारलं त्यानं. मी म्हटलं, रिन्युएबल एनर्जी. खोटं काय त्यात?

मग आम्हाला रांगेनं शेतात नेलं. पायवाट ओळखीची वाटली. बांध ओळखीचा वाटला. बांधावरची शेळी तर फारच ओळखीची वाटली.

आमचंच खालचं खाचर.

बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बाबा, डोक्यावर इरलं. बाजूला शुभांगी, हातात माईक, लोकांना मराठीत सांगते आणि अडलं की इंग्रजीत. इंग्रजीत! प्रत्येक ओळीला गावातलं एक पोरगं शिकवायला. समाजमंदिरात मोठ्यानं वाचणारी पोरं मॅनेजरनं निवडलेली. आणि आमच्या ओळीला निळा रेनकोट घातलेली मास्तरीण, कमरेवर हात.

ऋतिका.

मी लगेच ओळखलं. तिनं नाही. माझी दाढी, उन्हानं काळं पडलेलं तोंड, वर ती टोपी. मीपण बोललो नाही. ट्रेनिंगमध्ये ओळख काढू नये असं माझं मत आहे. टोपी जरा आणखी खाली ओढली.

आणि काय बोलत होती ती! दहा नंबरला म्हणाली, दोन-तीन काड्याच घ्या, भाजीची जुडी हाय का ती? त्याच्या बायकोला म्हणाली, ताई, छान जमतंय, घाबरू नका. मग माझ्यासमोर उभी राहिली. ओ काका, मागं सरका. मागं! पुडं कुटं चाललाय, लावलेलं तुडवताय समदं!

भात लावताना माणूस मागं सरकतो. मला माहीत आहे. जन्मल्यापासून माहीत आहे. पण आठ वर्षांत खाचरात उतरलो नव्हतो, पाय आपोआप पुढं गेले. बांधावरून बाबा माईकशिवायच ओरडले, त्या आकरा नंबरच्या पाव्हण्याला कंबरंतनं वाकायला सांगा, गुडघ्यात मोडतोय! शुभांगीनं माईक तोंडापुढून बाजूला केला आणि पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते. तिला ठाऊक होतं, पण ऋतिकाला सांगायचं नाही असं तिनं आणि बाबांनी ठरवलेलं दिसतं.

तीन वेळा माझी ओळ उपटून परत लावायला लावली. पहिली वाकडी. दुसरी दाट. तिसरी, तिच्या शब्दांत, साप गेल्यागत.

जेवणानंतर सर्टिफिकेट. लॉनवर साठ-सत्तर माणसं. नावं वाचायला ऋतिकाच. खुर्चीवर उभी केली होती, माईक तिच्या तोंडापेक्षा मोठा. मी मागं उभा राहिलो. मुलगी सत्तर माणसांपुढं घडाघडा वाचतेय आणि मी इथं नुसता पट्टी बांधून.

नऊ नंबर झाला. दहा नंबर झाला. अकरा नंबर, म्हणाली, शेखर... आणि थांबली. कागद डोळ्यांजवळ नेला. मी टोपी काढली.

मला वाटलं, आता पळत येऊन बिलगणार. मी हातपण थोडे पुढं केले.

ती माईकमध्येच म्हणाली, हे माजे पप्पा हायेत. मग मॅनेजरकडं वळली. ह्यांना सर्टिफिकेट नका देऊ. ह्यांची वळ सरळ आली न्हाई. ह्यांचं उद्या मी परत घेते.

टाळ्या खूप पडल्या. दहा नंबरनं माझ्या पाठीवर थाप मारली.

१४ जुलै, सोमवार. सकाळी ६.१०

सुपरवायझरचा मेसेज: तुझ्या जागी माणूस ठेवला. मी राजीनाम्याचा विचार करतच होतो.

ग्रुपचं ॲडमिनपद स्वखुशीनं शुभांगीला दिलं. कामाचा व्याप.

बाबा म्हणाले, वरचं खाचर राहिलंय, ते आपलं आपन लावू, तितं तुजी वाकडी वळ बगायला कुनी येनार न्हाई. ऋतिका चुलीपाशी बसली होती. साडेदहाला तिची शाळा, तोवर माझी.

तिनं स्वतःहून विचारलं, पप्पा, किती दिस हाय तुमी हितं?

मी म्हटलं, ओळ सरळ येईपर्यंत.

तिनं माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, मग लई दिस लागत्याल. आणि भाकरी खायला लागली.