लिफ्टसमोरचा कोबा

३ फेब्रुवारी, सोमवार
वरच्या मजल्यावरच्या नलूताई हॉस्पिटलातून आल्या. वय एकोणऐंशी. खुब्याचं ऑपरेशन, सोबत वॉकर. चौघांनी खुर्चीत बसवून आणलं. तळमजल्यावर लिफ्टसमोरच्या कोब्यावर, म्हणजे जिथे पडून खुबा मोडला तिथेच, खुर्ची कलली. ताई ओरडल्या, "अहो, एकदा पाडलंत तेवढं पुरे!" सगळे हसले. मला नाही हसू आलं.
कोबा एका अंगाला चार बोटं खचलाय. पाय दिला की डुगडुगतो. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलंय, पण असल्या जमिनीवर वॉकर न्यायचा नाही म्हणे. आणि बाहेर पडायला दुसरी वाट नाही.
सोसायटीचे चेअरमन पाटणकर म्हणाले, "सबनीस, तुम्ही इंजिनियर. पद्धत तुम्ही ठरवा, आम्ही डोळे मिटून सही करतो."
नाही म्हणायला हवं होतं.

५ फेब्रु., बुध.
तीन रस्ते. एक : फोडायचा, खालचा भराव उपसायचा, मुरूम थराथराने दाबून नवा कोबा. महिनाभर लिफ्टपाशी खड्डा. दोन : भोकं पाडून सिमेंटची लापशी आत दाबायची. कोबा उचलला जातो, पण लापशी जड. खालचं पोकळ असेल तर तिच्याच वजनाने पुन्हा खाली. तीन : भोकांतून रसायन सोडायचं, ते फुगतं, कोबा वर येतो. सकाळी काम, संध्याकाळी चाला.
कुणीही तिसराच सांगेल. मीही.
ही म्हणाली, "मग सांगून मोकळे व्हा ना. येरझाऱ्या कसल्या घालताय?"

८ फेब्रु., शनि.
हडपसरला जाऊन आलो. तिथल्या एका गोदामात फोम, म्हणजे ते फुगणारं रसायन, मारलाय. फोमवाला पोरगेलासा, गळ्यात आयकार्डाचा पट्टा. "सर, नो टेन्शन, एकदम लेव्हल!" जमीन खरंच पाण्यासारखी सपाट. हा फोनवर बोलायला बाहेर गेला तसे गोदामाचे वॉचमन मामा जवळ आले. "हिकडं झ्याक हाय. त्यो कोपरा बगा, परत बसलाय. तिथं खाली जुना कचरा हाय न्हवं."
परतीच्या बसमध्ये तेच डोक्यात. खाली कचरा.

९ फेब्रु., रवि.
लिहूनच टाकतो. बिल्डिंग बांधली तेव्हा सभासदांच्या वतीने साइटवर मी लक्ष ठेवायचो. भराव ओला होता. त्यात राडारोडा, पोती, लाकडाच्या फळ्यासुद्धा. ठेकेदार म्हणाला, "साहेब, हे उपसून रोलर फिरवायचा तर दहा दिवस." दसरा चार दिवसांवर. सगळ्यांचे गृहप्रवेश ठरलेले, आमंत्रणं गेलेली, आमचंही. मी म्हटलं, घाल कोबा.
मी. दुसऱ्या कुणी नाही. इतकी वर्षं तग धरला याचंच नवल.
फोडला तर फळ्या वर येतील. फोम मारला तर कुणाला काही कळणार नाही, आणि ताईंना त्याच संध्याकाळी बाहेर पडता येईल. किती सोयीचं! मग झोंबतंय काय? फोम मी ताईंसाठी निवडतोय की माझ्यासाठी, हे मला सांगता येत नाहीये. लाज वाटते.

१२ फेब्रु., बुध.
पाटणकरांनी जिन्यात गाठलं. "काय हो, एवढा वेळ? पूल बांधायला काढलाय का?" रविवारी तेवीसला मीटिंग आहे, तोवर देतो म्हटलं. बी.पी. वाढलंय. चहा बंद केलाय हिने. चिडचिड सगळी तिच्यावर.

१८ फेब्रु., मंगळ.
राहवेना. वर गेलो. ताई बाहेरच्या खोलीत बसलेल्या, पाय सुजलेला. चालणं नाही म्हणून, असं फिजिओवाली म्हणाली म्हणे. सगळं सांगितलं. भराव, फळ्या, दसरा.
ताई म्हणाल्या, "सबनीस, तुम्हाला क्षमा हवीय की सल्ला? दोन्ही एकदम मिळणार नाही."
सल्ला म्हटलं.
"तो फोम किती टिकेल?"
"सांगता येत नाही. वर्ष, चार वर्षं. खाली कुजतंय."
"आणि मला तो किती वर्षं लागेल असं वाटतं तुम्हाला?"
मी उठलो. निघताना म्हणाल्या, "माझ्यानंतरही माणसं राहणारेत इथे. पण मला चालायचंय हो." यात सल्ला कुठला ते अजून कळलं नाही.

२३ फेब्रु., रवि.
मीटिंग. पाटणकर म्हणाले, "बोला, कोणती पद्धत?" उभा राहिलो. पद्धतीचा कागद खिशातच राहिला, भरावाचं बोलून गेलो. एकच गलका झाला. पाटणकर नजर न मिळवता म्हणाले, "मग आता तुमचं मत कशाला घ्यायचं आम्ही?" बरोबरच आहे.
म्हटलं, निदान ताईंपुरता आज फोम मारा, मग सावकाश फोडा. ऐकलं नाही कुणी. ठराव झाला : बाहेरचा इंजिनियर नेमायचा, तो तपासणार, अहवाल देणार, मग तीन कोटेशनं, मग पुन्हा मीटिंग.

२४ फेब्रु., सोम.
ताईंना सांगायला मीच गेलो. सगळं ऐकून एवढंच विचारलं, "म्हणजे कधी?"
"दोन महिने तरी."
वॉकर हाताशी होता, तो त्यांनी भिंतीकडे सरकवला. "आणि तुमचं? बोलून टाकलंत, हलकं वाटलं का?"
हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, वाटलं होतं.