नमस्काराआधीचा फटका

क्योतो, १२ डिसेंबर १९५३

आई, वाकून नमस्कार.

तुझं परत तेच! ‘एवढ्या लांब जाऊन गुडघे मोडून कशाला बसायचं, घरी बसून अमिदा बुद्धाचं नाव घे, तो पार नेतो.’ किती वेळा सांगू, मी बसायला आलेलो नाही. मठात लाकडं फोडतो, पगार घेतो. इथल्यांचं म्हणणं, कुणी उचलून नेत नसतं, ज्याने त्याने आपल्या पायांनी जायचं. मला दोन्हीतलं काही कळत नाही.

थंडी कडक आहे. भात आणि मुळ्याचं लोणचं पोटभर मिळतं.

महिन्याच्या सुरुवातीला आठ दिवसांची ध्यानाची मोठी बैठक झाली. गावातले संसारी लोकही येतात. पेंगणाऱ्याच्या खांद्यावर लाकडी पट्टीने मारायची इथली रीत आहे. त्यात राग नसतो. आधी दोघांनी एकमेकांना वाकायचं, मग पेंगणारा पुढे झुकतो, खांद्याच्या मांसावर फटका, परत नमस्कार. पट्टीवाले दोघे भिक्षू तापाने पडले, तेव्हा मोठे भिक्षू गेन्शू मला म्हणाले, “हात दणकट आहेत तुझे. गावकऱ्यांच्या रांगेत तू फीर. डोकं चालवू नकोस म्हणजे झालं.”

सातव्या दिवशी दुपारी हातानो नावाचे एक म्हातारे रंगारी बसल्या बसल्या पुटपुटायला लागले. नमु अमिदा बुत्सु, नमु अमिदा बुत्सु. गुडघे दुखत असतील, जुनी सवय वर आली असेल. मी वाकलो नाही. सरळ मारलं. ते झुकलेले नव्हते, पट्टी गळ्याखालच्या हाडावर बसली. काड्कन आवाज झाला. मी परत मारलं. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा चौघांनी मला धरलं. त्यात एकाचे दोन दात माझ्या कोपराने पडले.

हाडवैद्याकडे हातानो म्हणाले, “अरे गाढवा, मी ओंडका दिसलो का तुला?” हसायला गेले आणि कळवळले. आता सकाळी त्यांची रंगाची पिंपं मीच ढवळतो.

गेन्शूंनी विचारलं, “कुणाला मारलंस?”

“हातानोंना.”

“तो समोर होता. मारलंस कुणाला?”

त्यांनी कानफटात दिली. “कुणाला?” आणखी एक. तोंडात रक्त आलं, तरी बोललो नाही. तुला सांगतो.

तुला मारून झालं की बाबा हात धुऊन देव्हाऱ्यासमोर बसायचे. तू चुलीपाशी ओठ पुसत असायचीस आणि तिकडून तेच नाव, त्याच सुरात. मला वाटायचं, अमिदा यांना पार नेणार आणि तू इथंच राहणार.

तू लिहितेस, ते अंथरुणाला खिळलेत, दिवसभर नाव घेतात, रडतात, येऊन पायाशी बस. मी येणार नाही, आई. मी पायाशी बसलो आणि त्यांनी ते नाव घेतलं, तर मला धरायला तिथे चौघे नाहीत. घरात कुऱ्हाड आहे.

अमिदाने त्यांना माफ करावं, त्याचं ते कामच आहे. आत्याला त्यांच्याजवळ बसव आणि तू निघून ये. यातला एक येनही औषधाला देऊ नकोस.

त्यांच्यासारखेच हात असलेला तुझा,
तोकुझो

सोबत एका बाजूच्या तिकिटाचे आठशे पन्नास येन.